बंद झालेली संगीतिका चाहत्यांच्या बळावर परत कशी येते : ‘बी मोर चिल’च्या निमित्ताने

प्रश्न असा आहे की, समीक्षकांनी फारशी दखल न घेतलेली आणि काही आठवड्यांतच प्रयोग थांबलेली एखादी संगीतिका केवळ समाजमाध्यमांवरच्या चाहत्यांमुळे पुन्हा रंगमंचावर येऊ शकते का, आणि येत असेल तर हे नेमके कसे घडते. प्रयोगांचे नियोजन आणि तिकीटविक्री या कामांशी माझा दीर्घकाळ संबंध राहिला असल्यामुळे या प्रश्नाकडे मी बुकिंगच्या खिडकीच्या बाजूने पाहतो. माझे उत्तर ‘हो’ असे आहे, पण त्यात एक महत्त्वाची अट आहे. चाहते नाटकाची मागणी जिवंत ठेवतात आणि जी मागणी एरवी कोणाच्याच नजरेला पडली नसती ती निर्मात्याला दिसेल अशी करतात. नाटक उभे राहण्यासाठी याखेरीज ऐकता येईल असे ध्वनिमुद्रण, चाहत्यांना करता येईल असे काही काम आणि त्यांच्याकडे लक्ष देणारे हक्कधारक लागतात. शिवाय जी गर्दी नाटक परत आणते तीच गर्दी रोज नाट्यगृह भरेल असेही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच उदाहरणात स्पष्ट दिसतात, म्हणून त्याच उदाहरणावर मी अधिक वेळ घालवणार आहे.

‘बी मोर चिल’ ही संगीतिका नेड विझिनी यांच्या 2004 सालच्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेली आहे. संगीत आणि गीते जो आयकॉनिस यांची, संहिता जो ट्रॅझ यांची. न्यू जर्सी राज्यातल्या रेड बँक या छोट्या गावातील टू रिव्हर थिएटरने ती 2015 च्या मे महिन्याच्या अखेरीस प्रथम रंगमंचावर आणली. कथा शाळकरी मुलांची आहे. जेरेमी नावाचा, शाळेत कोणाच्या खिजगणतीत नसलेला मुलगा गोळीच्या आकाराचा एक संगणक शीतपेयाबरोबर गिळतो. स्क्विप नावाचा हा संगणक त्याच्या डोक्यात बसून लोकप्रिय कसे व्हायचे याच्या सूचना देऊ लागतो आणि त्या सूचनांपायी जेरेमी आपल्या एकुलत्या एका जिवलग मित्राला, मायकेलला, दुरावतो. विषय विज्ञानकथेचा असला तरी त्यामागचे दुखणे अगदी साधे आहे: आपण जसे आहोत तसे कोणाला चालत नाही, ही त्या वयातली भीती.

अमेरिकेतल्या प्रादेशिक नाट्यगृहांत एखाद्या नाटकाचे प्रयोग किती आठवडे चालणार हे आधीच ठरलेले असते. त्यामुळे हे नाटक ‘पडले’ असे म्हणणे बरोबर होणार नाही. जून महिन्यात ते ठरल्याप्रमाणे संपले. मात्र अशा नाटकाचा सगळा जीव पुढच्या टप्प्यात असतो. न्यूयॉर्कच्या एखाद्या निर्मात्याने ते पाहावे, वृत्तपत्रांतून चांगले लिहून यावे आणि मग शहरातल्या नाट्यगृहाची दारे उघडावीत, अशी वाट ठरलेली आहे. तेव्हाची परीक्षणे ही दारे उघडतील इतकी उत्साही नव्हती, आणि पुढे न्यायला कोणी निर्माताही आला नाही. दरवर्षी अशी कितीतरी नाटके इथेच थांबतात, आणि त्यातली काही फार चांगली असतात, ही गोष्ट या व्यवसायात काम करणाऱ्याला नेहमी सलत राहते.

या नाटकाचे वेगळेपण सुरू झाले ते ध्वनिमुद्रणापासून. प्रयोग संपून काही महिने झाल्यावर, ऑक्टोबर 2015 मध्ये, घोस्टलाइट रेकॉर्ड्स या कंपनीने मूळ नटसंचाच्या आवाजातला संपूर्ण अल्बम प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कला न पोहोचलेल्या नाटकाचा पूर्ण अल्बम निघणे ही सहज घडणारी गोष्ट नव्हे, कारण त्यासाठी वादक, स्टुडिओ आणि कलाकारांचे मानधन असा खरा खर्च करावा लागतो आणि तो परत मिळण्याची खात्री नसते. तरीही तो निघाला, आणि नंतर जे काही घडले त्या सगळ्याचा पाया या एका निर्णयात आहे, असे माझे ठाम मत आहे. प्रयोग पडद्याबरोबर संपतो, तर ध्वनिमुद्रण कोणत्याही गावातल्या मुलाला रात्री अंथरुणात पडल्यापडल्या ऐकता येते, पुन्हा पुन्हा ऐकता येते आणि मित्राला पाठवता येते.

अल्बम आल्यानंतर वर्षाहून अधिक काळ विशेष काही झाले नाही. 2017 मध्ये मात्र ऐकणाऱ्यांची संख्या एकदम वाढू लागली. ‘हॅमिल्टन’ आणि ‘डिअर इव्हान हॅन्सन’ या संगीतिकांमुळे तेव्हा तरुण श्रोत्यांचा एक मोठा वर्ग नाटकांचे अल्बम ऐकू लागला होता, आणि गाणी ऐकवणाऱ्या सेवा अशा श्रोत्यांना त्याच वळणाचे दुसरे काहीतरी सुचवत असतात. तिथून जे श्रोते आले ते थांबले ‘मायकेल इन द बाथरूम’ या गाण्यापाशी. हॅलोविनच्या पार्टीत जेरेमीने ओळख दाखवायलाही नकार दिल्यावर मायकेल न्हाणीघराचे दार लावून घेतो. बाहेर गाणी वाजत असतात, लोक दार ठोठावत असतात आणि हा आत बसून आपण इथे आलोच कशाला असे स्वतःला विचारत असतो. जॉर्ज सालाझार यांनी ते विनोद आणि हुंदका यांच्या अगदी सीमेवर गायले आहे. संपूर्ण कथा ठाऊक नसलेल्या श्रोत्यालाही ते गाणे पूर्ण कळते, आणि माझ्या मते ते इतके पसरले त्याचे हे मुख्य कारण आहे. ज्या गाण्याला आधीच्या तीन प्रवेशांचा संदर्भ लागतो ते नाटकात कितीही प्रभावी ठरले तरी नाटकाबाहेर चालत नाही.

दुसरे कारण मला त्याहून महत्त्वाचे वाटते आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. या चाहत्यांपैकी बहुतेकांनी नाटक पाहिलेच नव्हते. त्यांच्याजवळ फक्त आवाज होता. पात्रे कशी दिसतात, काय घालतात, कोण कोणाच्या बाजूला उभा आहे, हे सगळे त्यांना स्वतः कल्पावे लागले, आणि ही कल्पना त्यांनी कागदावर उतरवली. टम्बलर या माध्यमावर मायकेलची आणि जेरेमीची असंख्य चित्रे आली. काहींनी एकेका गाण्यावर रेखाटनांची मालिका करून, ती गाण्याच्या ठेक्याबरोबर बदलत जाईल असे व्हिडिओ बनवले. अशा व्हिडिओंना चाहत्यांच्या जगात ‘अ‍ॅनिमॅटिक’ म्हणतात आणि यूट्यूबवर त्यांचा मोठा प्रेक्षकवर्ग आहे. काहींनी पात्रांच्या पेहरावाची नक्कल केली, काहींनी संहितेत नसलेले प्रसंग लिहिले. नाटक सहज पाहायला मिळत असते तर ही पोकळी भरण्याची गरज एवढ्या तीव्रतेने भासली नसती.

माध्यमाच्या रचनेचाही यात मोठा वाटा आहे. टम्बलरवर एखादी नोंद दुसऱ्याने आपल्या पानावर घेतली की ती मूळ नोंदीसह पुढे जाते, त्यात नवे शब्द किंवा नवे चित्र जोडता येते, आणि सहा महिन्यांपूर्वीची नोंदही नव्या माणसाच्या हातून पुन्हा फिरू लागते. तिथे वापरलेल्या शब्दखुणांमुळे एकाच नाटकाचे सारे प्रेमी एका जागी सापडतात. लहान गावात, शाळेत एकट्या पडलेल्या मुलीला आपल्यासारखेच हे गाणे ऐकून रडणारी हजारो मुले आहेत हे तिथे कळते, आणि हे कळणे हाच तिच्या निष्ठेचा खरा आधार होतो. 2017 च्या अखेरीस टम्बलरने सर्वाधिक चर्चा झालेल्या संगीतिकांची यादी दिली तेव्हा ‘हॅमिल्टन’ पहिल्या क्रमांकावर आणि ‘बी मोर चिल’ दुसऱ्या क्रमांकावर होती. ज्या नाटकाचा त्या घडीला न्यूयॉर्कमध्ये एकही व्यावसायिक प्रयोग झालेला नव्हता ते ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांतल्या, सर्वांत मोठ्या नाटकाच्या शेजारी जाऊन बसले होते. 2018 पर्यंत अल्बममधली गाणी 10 कोटींहून अधिक वेळा ऐकली गेली होती.

या सगळ्या काळात कर्ते गप्प बसलेले नव्हते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. आयकॉनिस आपल्या कलाकार मित्रांना घेऊन न्यूयॉर्कमधल्या छोट्या मैफलींच्या जागी कार्यक्रम करत होते, त्यात या नाटकातली गाणी होत होती, आणि सालाझारही आपले गाणे म्हणत होते. चाहत्यांच्या चित्रांना कलाकारांकडून दाद मिळत होती. त्याच वेळी नाटकाचे प्रयोग-हक्क शाळांना आणि हौशी संघांना मिळू लागले होते. हे फार शहाणपणाचे होते. सर्वसाधारण प्रथा अशी आहे की न्यूयॉर्कचा मोठा प्रयोग होईपर्यंत हक्क राखून ठेवायचे, म्हणजे नाटकाची नवलाई टिकते. इथे मोठा प्रयोग होण्याची चिन्हेच नसल्यामुळे हक्क मोकळे झाले, आणि ज्या मुलांनी चित्रे काढली होती त्यांना आपल्याच गावात ते नाटक उभे करता आले. नाटक करणारा माणूस त्याचा सर्वांत टिकाऊ प्रेक्षक असतो, हे आपल्याकडे एकांकिका स्पर्धांतून आलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागणार नाही.

यानंतर निर्माते आले, आणि 2018 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या पर्शिंग स्क्वेअर सिग्नेचर सेंटरमध्ये, म्हणजे ऑफ-ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवेपेक्षा छोट्या व्यावसायिक नाट्यगृहांत), नाटक पुन्हा सुरू झाले. दिग्दर्शक स्टीफन ब्रॅकेट हेच राहिले. सालाझार आणि स्टेफनी शू यांच्यासह मूळ संचातले बरेच कलाकार परत घेतले गेले. जेरेमीच्या भूमिकेत मात्र विल कॉनोली यांच्या जागी विल रोलंड आले, जे ‘डिअर इव्हान हॅन्सन’मधून आले असल्यामुळे याच श्रोत्यांना परिचित होते. जेरेमीसाठी एक नवे गाणेही घालण्यात आले. आवाज न बदलण्याचा निर्णय किती मोलाचा होता हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. ज्या चाहत्याने अल्बम शेकडो वेळा ऐकला आहे त्याच्या दृष्टीने तो आवाज म्हणजेच ते पात्र असते, आणि प्रवासखर्च करून तो जे पाहायला येतो ते त्या आवाजाला मिळालेले शरीर असते. पडदा उघडण्याआधीच तिकिटे संपली, आणि देशभरातून मुले आईवडिलांना घेऊन आली.

इथून पुढचा भाग आनंदाचा कमी आणि शिकण्यासारखा जास्त आहे. हे यश पाहून नाटक 2019 च्या फेब्रुवारीत ब्रॉडवेवरच्या लायसियम नाट्यगृहात गेले, 10 मार्चला त्याचा अधिकृत शुभारंभ झाला आणि 11 ऑगस्टला ते बंद झाले. टोनी या ब्रॉडवेच्या सर्वांत मानाच्या पुरस्कारांत त्याला संगीतासाठीचे एकमेव नामांकन मिळाले, समीक्षकांचे मत विभागलेले राहिले आणि गुंतवलेला पैसा ब्रॉडवेवर वसूल झाला नाही. 10 कोटींचा आकडा ऐकून जे लोक चकित झाले होते त्यांना हे कोडे वाटले. तिकीटविक्रीचा हिशेब करणाऱ्याला ते तसे वाटणार नाही.

हिशेब असा आहे. ऑफ-ब्रॉडवेच्या त्या सभागृहात 300 पेक्षा थोडी कमी आसने होती आणि प्रयोग सुमारे नऊ आठवडे झाले, म्हणजे ढोबळमानाने 20,000 तिकिटे विकायची होती. देशभर पसरलेल्या अत्यंत निष्ठावान चाहत्यांतून 20,000 माणसे गोळा होणे अवघड नाही, विशेषतः ही संधी थोडेच दिवस आहे असे सांगितलेले असते तेव्हा. लायसियममध्ये सुमारे 900 आसने आहेत आणि आठवड्याला 8 प्रयोग होतात, म्हणजे दर आठवड्याला 7,000 हून अधिक तिकिटे. जेवढे प्रेक्षक ऑफ-ब्रॉडवेला संपूर्ण उन्हाळ्यात लागले तेवढे इथे तीन आठवड्यांत लागणार, आणि त्यानंतर पुन्हा तेवढेच नवे. ब्रॉडवेवरचे नाटक वर्षानुवर्षे चालते ते पर्यटकांमुळे, कुटुंबांमुळे आणि ज्यांना त्या नाटकाचे नाव आधी ठाऊक नसते अशा माणसांमुळे. निष्ठावान चाहता पहिल्या महिन्यात येऊन जातो. तो बहुधा पंधरा-सोळा वर्षांचा असतो, त्याच्या हातात स्वतःचे पैसे नसतात आणि तो न्यूयॉर्कपासून हजार मैलांवर राहतो. त्याने गाणे दोनशे वेळा ऐकले तर मोजणीत दोनशे ऐकणे दिसते, पण तिकीट तो एकच काढतो, किंवा तेही काढू शकत नाही.

माझ्या मते हे नाटक ऑफ-ब्रॉडवेच्याच आकाराच्या जागेत अधिक काळ ठेवता आले असते तर बरे झाले असते. याला एक उत्तर आहे आणि ते मला मान्य करावे लागते. ऑफ-ब्रॉडवेच्या छोट्या सभागृहात सगळी आसने भरली तरी संगीतिकेचा खर्च भागवणे कठीण जाते, कारण वाद्यवृंद, तंत्रज्ञ आणि कलाकार यांचा खर्च आसनांच्या प्रमाणात कमी होत नाही. शिवाय ‘ब्रॉडवेवर झालेले नाटक’ ही ओळख मिळाल्याने पुढची दारे उघडतात. या नाटकाचेही तसेच झाले: 2020 च्या सुरुवातीला लंडनच्या द अदर पॅलेसमध्ये त्याचे प्रयोग सुरू झाले, महामारीने ते थांबवले, आणि 2021 च्या उन्हाळ्यात ते वेस्ट एंडच्या, म्हणजे लंडनच्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागातल्या, शाफ्ट्सबरी नाट्यगृहात आले. शाळांमधले आणि हौशी प्रयोग तर चालूच आहेत. म्हणून पाच महिन्यांत बंद झाले एवढ्यावरून चाहत्यांची चळवळ फसली असे मी म्हणणार नाही. एका गावात काही आठवडे झालेले नाटक आज जगभरच्या शाळांच्या रंगमंचावर आहे, आणि हे चाहत्यांशिवाय घडले नसते.

समाजमाध्यमांनी नेमका काय फरक केला हे पाहायचे असेल तर त्याआधीच्या काळातले एक नाटक शेजारी ठेवावे. ‘कॅरी’ ही संगीतिका 1988 मध्ये ब्रॉडवेवर आली आणि अधिकृत शुभारंभानंतर अवघ्या 5 प्रयोगांत बंद झाली. तिच्या मूळ संचाचा अल्बम निघालाच नाही. तरी तिचे वेड लागलेली माणसे होती. त्यांनी प्रेक्षागृहात चोरून केलेल्या ध्वनिफिती एकमेकांना दिल्या आणि एक दंतकथा तयार झाली. ती पुन्हा न्यूयॉर्कमध्ये आली 2012 साली, ऑफ-ब्रॉडवेवर. 24 वर्षांचे हे अंतर ‘बी मोर चिल’ने 3 वर्षांत कापले. प्रेम दोन्हीकडे सारखेच होते. पण पहिल्या खेपेला ते प्रेम कोणाला मोजता येत नव्हते. चाहते किती आहेत, कुठे आहेत, कोणत्या गाण्यावर थांबतात, हे निर्मात्याला दिसू लागले ही खरी नवी गोष्ट आहे. गाणी ऐकवणाऱ्या सेवा कोणत्या शहरात किती ऐकले जाते हे हक्कधारकांना दाखवतात, आणि निर्मात्याच्या टेबलावर हा कागद ठेवला की चर्चेचा सूर बदलतो.

याच काळातले दुसरे उदाहरण थोडे वेगळ्या जातीचे आहे. ‘बीटलज्यूस’ 2019 च्या एप्रिलमध्ये ब्रॉडवेच्या विंटर गार्डन नाट्यगृहात सुरू झाले. टोनीची 8 नामांकने मिळूनही एकही पुरस्कार हाती लागला नाही, आणि सुरुवातीची विक्री इतकी मंद होती की नाट्यगृहाने ते दुसऱ्या नाटकाला देण्याचा निर्णय घेतला. ब्रॉडवेच्या करारांत बहुधा अशी अट असते की ठरावीक रकमेच्या खाली गल्ला गेला तर नाट्यगृहाचा मालक निर्मात्याला जागा सोडायला सांगू शकतो. मध्यंतरी टिकटॉकवर मात्र या नाटकातल्या गाण्यांवर मुलांनी केलेल्या चित्रफिती आणि कलाकारांनी रंगपटातून टाकलेल्या झलकी पसरल्या, पेहराव करून येणारे प्रेक्षक वाढले आणि आठवड्याचा गल्ला 10 लाख डॉलरच्या वर गेला. जागा सोडण्याचा निर्णय बदलला नाही, महामारीने तर सगळेच बंद केले. पण 2022 च्या एप्रिलमध्ये हे नाटक मार्क्विस नाट्यगृहात पुन्हा उभे राहिले आणि जानेवारी 2023 पर्यंत चालले. इथे चाहत्यांची लाट मोठ्या नाट्यगृहाला पेलवली, कारण नाटकाच्या मागे सर्वांना ठाऊक असलेला 1988 सालचा चित्रपट होता. ज्याने टिकटॉक उघडलेले नाही असा पन्नाशीचा पर्यटकही नाव वाचून तिकीट काढू शकत होता. ‘बी मोर चिल’ला हा दुसरा प्रेक्षक नव्हता.

‘राइड द सायक्लोन’ या कॅनडातल्या संगीतिकेचा मार्ग मला सर्वांत निरोगी वाटतो. जेकब रिचमंड आणि ब्रूक मॅक्सवेल यांची ही संगीतिका ब्रिटिश कोलंबियातल्या व्हिक्टोरिया शहरात 2008 मध्ये प्रथम झाली. सस्कॅचेवानमधल्या युरेनियम सिटीची गायनवृंदातली सहा मुले जत्रेतल्या रोलर कोस्टरच्या अपघातात मरतात आणि त्यांच्यातल्या एकालाच परत जिवंत होता येणार असते, अशी तिची कथा आहे. त्यातली एक मुलगी कोण हे कोणालाच ठाऊक नसते, कारण तिची ओळख पटलेली नाही. तिचे गाणे विलक्षण आहे. शिकागोत 2015 आणि न्यूयॉर्कच्या ऑफ-ब्रॉडवेवर 2016 मध्ये हे नाटक होऊन गेले तेव्हा मोठा गाजावाजा झाला नाही. अल्बम 2021 मध्ये आला, आणि त्यानंतर टिकटॉकवर त्या अनोळखी मुलीच्या गाण्याने अक्षरशः वेड लावले. तरीही कर्त्यांनी घाईने ब्रॉडवे गाठले नाही. शाळा-महाविद्यालयांत आणि प्रादेशिक नाट्यगृहांत त्याचे प्रयोग होत राहिले. 2023 मध्ये वॉशिंग्टनच्या अरीना स्टेजने ते केले. चाहते जिथे राहतात तिथेच नाटक गेले.

चोरून केलेल्या चित्रीकरणाबद्दलही बोलले पाहिजे, कारण हे चाहतेपणाचे अवघड अंग आहे. यूट्यूबवर अशी चित्रीकरणे पकडली जाऊ नयेत म्हणून ती ‘स्लाइम ट्यूटोरियल’ अशा असंबद्ध नावाखाली ठेवली जातात, आणि अनेक मुलांनी नाटक पहिल्यांदा पाहिले ते असेच. ज्या मुलाला न्यूयॉर्क कधीच परवडणार नाही त्याची ओढ मला समजते. पण प्रयोगाच्या मध्ये वर आलेला मोबाईल नटाला दिसतो, शेजारच्या प्रेक्षकाला टोचतो, आणि लेखक-कलाकारांना त्या पाहण्यातून काहीही मिळत नाही. यावरचा खरा उपाय निर्मात्यांच्याच हातात आहे: दोन-तीन गाण्यांची चांगली, अधिकृत चित्रफीत आधीच उपलब्ध करून देणे. जिथे ती असते तिथे चाहते तीच वापरतात, कारण तिचा आवाज स्वच्छ असतो.

आपल्या वाचकांना ही यंत्रणा फार परकी वाटू नये. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांच्या ध्वनिमुद्रिकांनी नाट्यपदे ज्या घरांत पोहोचवली त्या घरांतल्या अनेकांनी ती नाटके कधी पाहिली नव्हती, आणि संगीत नाटकांचा व्यवसाय ओसरल्यावरही पदांच्या ओढीनेच जुनी नाटके पुन्हा उभी केली गेली. फरक असा की ऐकणारे तेव्हा एकमेकांना दिसत नव्हते. आज ज्यांच्याकडे नवे संगीत नाटक आहे त्यांनी प्रयोग चालू असतानाच संपूर्ण ध्वनिमुद्रण करून ठेवावे, एवढी सूचना मी नेहमी करतो, आणि ती खर्चाच्या कारणाने बाजूला पडते याचे मला मनापासून वाईट वाटते. प्रयोग थांबल्यावर संच विखुरतो, वादक दुसऱ्या कामाला लागतात, आणि मग ते ध्वनिमुद्रण कितीही पैसे दिले तरी होत नाही.

आता चाहत्यांना ठरवून असे काही घडवता येते का, हा प्रश्नाचा उरलेला भाग. सह्यांच्या मोहिमेवर माझा फारसा विश्वास नाही, कारण सही करायला काही लागत नाही हे निर्मात्यालाही ठाऊक असते. त्याला पटते ते विशिष्ट काहीतरी: अमुक शहरात अमुक शाळेने हक्क मागितले, अमुक ठिकाणी गाण्यांचा कार्यक्रम ठेवला आणि तो हाऊसफुल्ल झाला, अमुक कलाकाराने ते गाणे म्हटले की तिकिटे वाढतात. म्हणून ज्यांना एखादे बंद झालेले नाटक परत हवे आहे त्यांनी आधी त्याचे हक्क कोणाकडे आहेत हे शोधावे आणि आपल्या संघासाठी रीतसर परवानगी मागावी. परवानगी मिळाली नाही तरी ती मागणी कागदावर नोंदली जाते, आणि हक्कधारकाच्या दफ्तरात अशी पंधरा-वीस पत्रे साचली तर तो ती दुर्लक्षित करत नाही. अल्बम असेल तर तो अधिकृत ठिकाणी ऐकावा, कारण तिथलेच ऐकणे मोजले जाते. आणि गाणे ज्याला पाठवायचे त्याला संपूर्ण अल्बमऐवजी ते एकच, स्वतःच्या बळावर उभे राहणारे गाणे पाठवावे. बाकीचे तो स्वतः शोधतो.

कर्त्यांसाठी माझे सांगणे जागेच्या निवडीपुरते आहे. मागणी कळली की ती किती आठवडे टिकेल हा प्रश्न आधी विचारावा, आणि किती मोठी आहे हा नंतर. छोट्या नाट्यगृहात ठरावीक मुदतीचे प्रयोग, मग दुसऱ्या शहरात तसेच, मग तिसऱ्या, असा फिरता कार्यक्रम निष्ठावान पण विखुरलेल्या प्रेक्षकाला अधिक मानवतो. तिकिटांचा काही भाग विद्यार्थ्यांना परवडेल अशा दरात ठेवावा, आणि तो शेवटच्या रांगांपुरता नसावा, कारण ज्यांच्या प्रेमामुळे नाटक परत आले ती मुले पुढे बसलेली असली की नटांनाही ते जाणवते आणि प्रयोग चढतो. नव्या संचात किमान एक-दोन मूळ आवाज ठेवावेत. संहितेत बदल करायचे असतील तर ते जरूर करावेत, परंतु ज्या गाण्यावर चाहते जमले आहेत त्या गाण्याची चाल, ठेका आणि जागा यांना हात लावण्यापूर्वी फार विचार करावा.

खर्चाच्या बाबतीत शेवटचे एवढेच सांगतो, कारण बहुतेक चर्चा तिथेच अडते. परत आलेल्या नाटकाचे उत्पन्न फक्त तिकिटांतून येते असे धरून चालू नये. ध्वनिमुद्रण, शाळांना आणि हौशी संघांना दिलेले हक्क, स्वरलिपीची पुस्तके आणि गाण्यांचे स्वतंत्र कार्यक्रम यांतून येणारा पैसा हळू येतो, पण वर्षानुवर्षे येतो. चाहत्यांच्या आधाराने परत आलेल्या नाटकांच्या बाबतीत हा दुसरा ओघ प्रयोगांच्या गल्ल्यापेक्षा अधिक काळ टिकण्याची शक्यता असते, म्हणून निर्मात्याशी करार करताना लेखक-संगीतकारांनी या हक्कांचा वाटा आपल्या हातून सोडू नये.